समुद्राची पैसेवारी कोण काढणार?

प्रवाह बदलले, वादळे वाढली, मासळीची आवक हेलकावे खाऊ लागली; मात्र मच्छीमाराचे नुकसान मोजण्याचे माप अद्याप हाती नाही

ठाणे, प्रतिनिधी

मानपाडा नावाची दोन ठिकाणे ठाणे परिसरात प्रसिद्ध आहेत. एक घोडबंदर रस्त्यावरचे आणि दुसरे डोंबिवली पूर्वेचे. दोन्ही ठिकाणी आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि दोन्हींपैकी एकाही ठिकाणाहून समुद्र दिसत नाही. तरीही रविवारी सकाळी येथील बाजारात पापलेट किती रुपयांना जोडी, सुरमईचे दर का चढले आणि बोंबील एवढे बारीक कसे, याची चर्चा होतेच. भाव ऐकून ग्राहक कुरकुरतो, 'मासळी कमीच येते हो' असे उत्तर विक्रेती देते आणि व्यवहार पुढे सरकतो. मासळी कमी का येते, हा प्रश्न तिथेच राहतो.

या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले उत्तर हवामान बदलाचे: समुद्र तापला, प्रवाह बदलले, मासे दूर गेले. दुसरे उत्तर माणसाच्या हावेचे: यांत्रिक नौका वाढल्या, जाळ्यांची आस लहान झाली, पिल्ले मारली गेली. मच्छीमार संघटना, शासकीय यंत्रणा आणि पर्यावरणवादी आपापल्या सोयीने यातले एक उत्तर उचलतात. वस्तुतः ही दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. हा गुंता सोडवायचा तर समुद्राचे माप नियमितपणे घ्यावे लागेल. शेतीसाठी असे माप ब्रिटिश काळापासून घेतले जाते. त्याला जुने लोक आणेवारी म्हणत, आता पैसेवारी म्हणतात. समुद्राची पैसेवारी मात्र कोणी काढत नाही.

हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा आदी बाबतींत शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सवलतींचे दार त्यामुळे मच्छीमारांसाठी उघडले. परंतु शेतकऱ्याला दुष्काळात जी मदत मिळते, तिच्यामागे पावसाची आकडेवारी असते, पीक कापणी प्रयोग असतात, महसूल यंत्रणेचे अहवाल असतात. मच्छीमाराचा दुष्काळ कोणत्या कसोटीवर सिद्ध करायचा? कृषी दर्जाचा खरा अर्थ या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

२०१९ चा धडा

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी २०१९ या वर्षाकडे पुन्हा पाहावे लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी महाराष्ट्रातील सागरी मासळीची आवक २ लाख १ हजार टनांवर आली. आदल्या वर्षी ती २ लाख ९५ हजार टन होती. एका वर्षात सुमारे ३२ टक्के घट आणि ४५ वर्षांतील नीचांक, अशी त्याची नोंद झाली. विशेष म्हणजे त्याच वर्षी देशाची एकूण आवक मात्र २.१ टक्क्यांनी वाढून ३५ लाख ६० हजार टनांवर गेली होती. म्हणजे देशाच्या ताटात मासळी वाढली आणि महाराष्ट्राच्या धक्क्यावर ती घटली.

असे का झाले? त्या वर्षी हिंदी महासागराने आपला नेहमीचा तोल सोडला होता. महासागराच्या पश्चिम भागातील पाणी सरासरीपेक्षा उष्ण आणि सुमात्राच्या बाजूचे पाणी थंड झाले होते. शास्त्रज्ञ या स्थितीला 'इंडियन ओशन डायपोल'ची धन अवस्था म्हणतात. २०१९ मधील ही अवस्था गेल्या कित्येक दशकांतील सर्वांत तीव्र अवस्थांपैकी होती. तिच्यामुळे मोसमी पाऊस लांबला. देशातून मान्सून परतण्यास त्या वर्षी ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली. इतका उशीर त्याआधी नोंदला गेला नव्हता. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एक चक्रीवादळ होते. त्या वर्षी पाच झाली: जूनमध्ये 'वायू', सप्टेंबरमध्ये 'हिका', ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार', त्याच्या पाठोपाठ 'महा' आणि डिसेंबरमध्ये 'पवन'. 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळे तर एकाच वेळी अरबी समुद्रात घोंगावत होती.

मच्छीमाराच्या दृष्टीने या तारखांना फार महत्त्व आहे. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. त्यानंतरचे चार महिने म्हणजे वर्षभराच्या कमाईचा हंगाम. बंदीच्या काळात विश्रांती मिळालेले मासे याच काळात जाळ्यात येतात आणि कर्जाचे हप्तेही याच काळातील उत्पन्नातून फिटतात. २०१९ मध्ये नेमका हाच हंगाम वादळांनी खाल्ला. धोक्याचा इशारा आला की नौका बंदरात परत, समुद्र शांत झाला की डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च करून पुन्हा बाहेर आणि दोन दिवसांत पुन्हा इशारा, असा क्रम चालला. मासळी समुद्रात होती की नव्हती, हा प्रश्न पुढचा. ती पकडायला जाण्याचे दिवसच उरले नाहीत.

या नुकसानीपोटी राज्य शासनाने सुमारे ६५ कोटी रुपयांचे विशेष सहाय्य मंजूर केले. ही मदत स्वागतार्ह होती. मात्र ती जाहीर होईपर्यंत २०२० चा ऑगस्ट उजाडला होता. मधल्या काळात टाळेबंदी आली आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून गेले. मदतीची रक्कम नौकेच्या प्रकारानुसार ठरावीक होती. कोणाचे किती दिवस बुडाले आणि कोणाची किती मासळी गेली, याचा हिशेब उपलब्धच नव्हता, तर मदत त्यानुसार ठरणार कशी?

पाण्याचे वेळापत्रक

समुद्रात मासे सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. जिथे तळचे खतयुक्त पाणी वर येते, तिथे सूर्यप्रकाशात वनस्पती प्लवक वाढते, त्यावर प्राणी प्लवक, त्यावर तारली, पेडवे, बांगडा आणि त्यांच्यावर सुरमईसारखे मोठे मासे जगतात. शेतात पाणी आणि खत यांना जे स्थान, तेच समुद्रात या वर येणाऱ्या पाण्याला आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रवाहांचे वैशिष्ट्य असे, की ते वर्षातून दोनदा दिशा बदलतात. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे वाहतात तेव्हा किनाऱ्याजवळचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर याच काळात तळचे थंड पाणी वर येते. उत्तरेकडे येताना ही क्रिया क्षीण होत जाते. हिवाळ्यात चित्र उलटते. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहू लागतो आणि बंगालच्या उपसागरातील कमी खारे पाणी वळसा घेऊन पश्चिम किनाऱ्यावर येते. त्याच वेळी उत्तर अरबी समुद्रात कोरडे, थंड वारे पृष्ठभागाला गारवा देतात. वरचे पाणी जड होऊन खाली बसते, खालचे पोषक पाणी वर घुसळले जाते. कोकणचा समुद्र या दोन व्यवस्थांच्या मधोमध आहे. त्याला दक्षिणेकडील पावसाळी उपशाचा अंशतः लाभ मिळतो, उत्तरेकडील हिवाळी घुसळणीचाही मिळतो आणि उल्हास, वैतरणा, सावित्री यांसारख्या नद्यांच्या गाळाचा आधार असतो. मासळीची विविधता येथे मोठी असण्यामागे हे एक कारण आहे. दोहोंपैकी कोणतीही व्यवस्था बिघडली तरी येथे धक्का बसतो, तो याच कारणामुळे.

या वेळापत्रकात तळच्या पाण्याची एक धोक्याची बाजूही आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या थरात विरघळलेला प्राणवायू अत्यल्प असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच हेच पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ भागात सरकते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांच्या नेतृत्वाखाली २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. पश्चिम किनाऱ्यावरील प्राणवायूची टंचाई तीव्र होत असून शेतीतून आणि वस्त्यांतून वाहून येणारी नत्रयुक्त द्रव्ये तिला हातभार लावत असावीत, असा त्याचा आशय होता. प्राणवायू घटला की मासे जागा सोडतात. कधी ते किनाऱ्याच्या अगदी जवळ दाटी करतात आणि जाळी भरभरून येतात. पण तो सुकाळ फसवा असतो.

या मूळ व्यवस्थेवर आता तापमानवाढीचा बोजा पडला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापला. वरचे पाणी तापून हलके झाले की तळच्या पाण्याशी त्याची घुसळण कमी होते. याच गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले. उत्तर अरबी समुद्रात तर अन्नसाखळीचा पायाच बदलताना दिसतो. पूर्वी हिवाळ्यात तेथे 'डायटम' या सूक्ष्म शैवालाचा बहर येत असे. या शतकाच्या आरंभापासून 'नॉक्टिल्युका' या जीवाचे थर दिसू लागले. रात्री लाटांवर निळी चमक उमटवणारा हाच तो जीव. पर्यटकांना ती चमक मोहक वाटते. पण लहान माशांचे ते अन्न नव्हे.

वादळांबाबतही चित्र स्पष्ट होत आहे. याच पुण्याच्या संस्थेच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी आणि त्यांचा कालावधी ८० टक्क्यांनी वाढला. म्हणजे २०१९ हे वर्ष अपवाद म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

तारली गेली कुठे?

हवामानाच्या लहरीवर सर्वाधिक नाचणारा मासा म्हणजे तारली. केरळमध्ये 'मत्ती' या नावाने ओळखला जाणारा हा मासा पूर्वी मुख्यतः ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे केरळ आणि दक्षिण कर्नाटकच्या पट्ट्यात मिळत असे. पाणी तापू लागल्यावर त्याचा वावर उत्तरेकडे सरकला, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या ई. विवेकानंदन यांनी नोंदवले. कोकणातील बाजारात तारली मोठ्या प्रमाणावर दिसू लागली ती याच प्रक्रियेत. त्या काळात अनेकांनी या नव्या पाहुण्याचे स्वागत केले. हवामान बदलाने दक्षिणेचे घेतले आणि आपल्याला दिले, असे वाटावे अशी स्थिती होती.

परंतु पुढचा अध्याय वेगळा आहे. केरळमध्ये २०१२ साली तारलीची आवक चार लाख टनांच्या घरात होती. २०१५-१६ च्या 'एल निनो'ने प्रशांत महासागर तापवला, त्याचे पडसाद हिंदी महासागरात उमटले आणि तारलीचे अन्न व वाढ दोन्ही खुंटले. २०२१ मध्ये केरळची आवक अवघी ३,२९७ टन होती. १९९४ नंतर एवढी घसरण झाली नव्हती. त्यानंतर दोनच वर्षांत, २०२३ मध्ये, ती पुन्हा १ लाख ३८ हजार टनांवर गेली. तारलीचे आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे. वर्षभरात ती प्रजननक्षम होते. त्यामुळे ती झपाट्याने कोसळते आणि अनुकूल पाणी मिळताच झपाट्याने सावरते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, आवकेतील एका वर्षाची घट म्हणजे कायमचा ऱ्हास नव्हे आणि एका वर्षाची वाढ म्हणजे प्रश्न सुटला असेही नव्हे. महाराष्ट्राची आकडेवारीच पाहा. २०१६ मध्ये २ लाख ९२ हजार टन, २०१७ मध्ये ३ लाख ८१ हजार, २०१८ मध्ये २ लाख ९५ हजार आणि २०१९ मध्ये २ लाख १ हजार टन. चार वर्षांत एवढे चढउतार असतील तर 'सामान्य वर्ष' कोणते? दुष्काळ ठरवायचा तर आधी सरासरी ठरवावी लागते. शेतीत ती ठरलेली असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तारली सावरते, पण सर्व मासे तारलीसारखे नसतात.

लहर समुद्राची, वाटा माणसाचा

पापलेटचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. यासाठी सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी पाठपुरावा केला होता. सन्मानाच्या मागे चिंता होती. १९६० आणि ७० च्या दशकांत राज्यात वर्षाला सरासरी सुमारे आठ हजार टन पापलेट मिळत असे. २०१० नंतरच्या दशकात ती सरासरी चार हजार टनांच्या आसपास आली. येथे तारलीसारखे हेलकावे कमी आणि उतार अधिक आहे. कारण पूर्ण वाढ होण्याआधीच लहान पापलेट जाळ्यात सापडते. तळव्याएवढेही नसलेले पापलेट स्वस्त म्हणून बाजारात खपते आणि विणीस येणारी पिढी तेवढ्याने कमी होते. शासनाने पापलेटसह ५४ प्रजातींसाठी पकडीचा किमान आकार निश्चित केला, तो हे थांबवण्यासाठीच.

हवामान आणि अतिमासेमारी यांचे नाते येथे उलगडते. समुद्राची प्रतिकूल वर्षे पूर्वीही येत असत. त्या काळात मोठ्या, अनुभवी मादीमाशांची संख्या पुरेशी असे आणि एक-दोन वर्षे वीण फसली तरी साठा तग धरून राही. आता तो राखीव साठाच आटला आहे. त्यामुळे पूर्वी जे हेलकावे पचत असत, ते आता पचत नाहीत. गावाच्या विहिरीत पाणी असेल तर पावसाची एक ओढ सोसते. विहीर आधीच उपसलेली असेल तर तीच ओढ टंचाई ठरते. दोष पावसाचा की उपशाचा, असा वाद तेव्हा निरर्थक होतो.

याबाबत शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर काळाचे आणि क्षेत्राचे निर्बंध आले. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा करून दंडाची तरतूद कडक करण्यात आली. मात्र हे सर्व नियम समुद्राची स्थिती दरवर्षी सारखीच असते असे गृहीत धरतात. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी हे त्याचे ठळक उदाहरण. मान्सून वेळेवर येवो वा लांबो, पाणी तापलेले असो वा नसो, तारखा त्याच. जुन्या प्रथेनुसार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होड्या लोटल्या जात. ती तिथी दरवर्षी मागेपुढे होई आणि सहसा ऑगस्टमध्ये पडे. पापलेटवर जगणाऱ्या उत्तर कोकणातील मच्छीमारांनीच बंदीचा काळ वाढवण्याची मागणी वेळोवेळी केली आहे. आपले उत्पन्न थांबवा, असे सांगणारा हा वर्ग समुद्राविषयी काहीतरी जाणतो, याची दखल घ्यायला हवी.

खुंटाला बांधलेले जाळे

मासे जागा बदलतात तेव्हा त्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही केंद्रीय संस्था उपग्रहाने टिपलेले समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या आधारे संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देते. उष्ण आणि थंड पाण्याच्या सीमेवर मासे जमतात, या तत्त्वावर ही सेवा चालते. अक्षांश-रेखांश हाती पडले की मोठी यांत्रिक नौका तिकडे वळू शकते. तिचे डिझेल वाचते, फेरी फुकट जात नाही.

वसई, अर्नाळा, उत्तन, मढ या भागातील डोल जाळ्याची गोष्ट वेगळी आहे. हे जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटाला बांधलेले असते. भरती-ओहोटीचा प्रवाह त्याच्या तोंडातून वाहतो आणि प्रवाहाबरोबर बोंबील, मांदेली, जवळा, करंदी आत येतात. उधाणाला जोर असतो, भांगाला तो ओसरतो. त्यानुसार जाळे लावायचे आणि उचलायचे. हे जाळे माशांच्या मागे जात नाही, मासे त्याच्याकडे येण्याची वाट पाहते. त्याच्या मालकाला उपग्रहाचा संदेश मिळाला तरी खुंट उपटून तो जाणार कुठे? हवामान बदलाला तोंड देण्याची क्षमता ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याचीच उपजीविका प्रवाहाला सर्वाधिक जखडलेली आहे.

बोंबलाचे उदाहरण येथे आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखे आहे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ प्राणवायू घटलेल्या पाण्यात इतर मासे कमी होत असताना बोंबील मात्र वाढले, असे तेथील आणि कॅनडातील संशोधकांना आढळले. पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या त्याच्या मऊ शरीराला प्राणवायू कमी लागतो, हे त्याचे स्पष्टीकरण. तेव्हा एखाद्या वर्षी येथे बोंबील वाढले म्हणून समुद्र निरोगी झाला, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. कोणती मासळी वाढली आणि कोणती घटली, हे एकत्र पाहिल्याशिवाय एकट्या टनांना अर्थ नाही.

खाडीचा हिशेब

ठाणेकर आणि डोंबिवलीकर यांना हा विषय दूरच्या समुद्राचा वाटू नये. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे उत्तन-भाईंदरचा किनारा आणि खाड्या उरल्या. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीला वळसा घालून ठाण्याजवळ येते. तिचा मुख्य प्रवाह कोलशेत, गायमुख, घोडबंदर करीत वसईकडे जातो आणि एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा आणि डोंबिवलीचे मानपाडा यांना जोडणारा जुना रस्ता शोधायचा तर तो पाण्याचाच सापडेल. कोलशेत, बाळकूम, चेंदणी येथील कोळीवाडे याच पाण्यावर वसले.

खाडीतील खारफुटी ही कोळंबी, बोईट, चिंबोरी यांच्या पिल्लांची पाळणाघरे. समुद्रात वाढणाऱ्या अनेक जाती लहानपणी येथे आश्रय घेतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही समाधानाची बाब. मात्र कारखान्यांचे रासायनिक पाणी, शहरांचे सांडपाणी आणि भराव यांनी खाडीचा श्वास कोंडला आहे, हेही तितकेच खरे. वर समुद्रात प्राणवायू घटत असताना खाली खाडीतून नत्रयुक्त घाण त्यात भर घालते. हवामान बदलावर ठाणे वा कल्याण-डोंबिवली महापालिकेचे नियंत्रण नाही, सांडपाण्यावर आहे. समुद्राचे जे बिघडले त्यातील किती वाटा येथून गेला, याचा हिशेब मासळीच्या भावाबरोबर मांडायला हवा.

बाजार मात्र हा हिशेब झाकून ठेवतो. स्थानिक मासळी घटली की गुजरातची येते, आंध्रातील तळ्यांतला रोहू आणि कटला येतो, उपाहारगृहात बासा येतो. ताट रिकामे राहत नाही, म्हणून टंचाई जाणवत नाही. ती जाणवते फक्त भावात आणि कोळीवाड्यात.

माप कसे घ्यावे?

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. तेथील अँकोव्ही या लहान माशाची पकड १९७० मध्ये सुमारे सव्वा कोटी टन होती. १९७२-७३ च्या 'एल निनो'ने थंड पाण्याचा उपसा थांबवला, त्यात बेसुमार मासेमारीची भर पडली आणि १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्या आसपास आली. त्यानंतर पेरूने हंगामापूर्वी समुद्राची पाहणी करण्याची पद्धत बसवली. ध्वनिलहरींच्या साह्याने साठा मोजायचा, पिल्लांचे प्रमाण पाहायचे आणि मगच किती पकडायचे ते ठरवायचे. २०२३ मध्ये पुन्हा 'एल निनो' आला आणि पाहणीत पिल्लांचे प्रमाण जास्त आढळले, तेव्हा त्या वर्षीचा पहिला हंगाम रद्द करण्यात आला. उद्योगाला झळ बसली. पण साठा वाचला.

पेरूत एक प्रमुख जात, आपल्याकडे शेकडो. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी येथे चालणार नाही. मात्र तत्त्व तेच ठेवता येईल आणि त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री आपल्याच देशात तयार आहे. पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य 'इन्कॉइस'कडे रोज नोंदले जाते. वादळाच्या इशाऱ्यांचे दिवस हवामान खात्याच्या दप्तरात आहेत. बंदरातून नौका किती दिवस बाहेर गेल्या, याची नोंद ठेवणे अवघड नाही. आवकेचे अंदाज केंद्रीय संस्था नमुना पद्धतीने काढते.

अडचण आहे ती आकड्यांच्या मेळाची. २०१९ मध्ये केंद्रीय संस्था दोन लाख टनांचा नीचांक सांगत होती, तेव्हा राज्याच्या आर्थिक पाहणीत २०१९-२० चे सागरी उत्पादन चार लाख टनांच्या वर दाखवले गेले. एक कॅलेंडर वर्ष, दुसरे आर्थिक वर्ष, पद्धती वेगळ्या, हे मान्य केले तरी दुपटीचा फरक उरतोच. भरपाई मागणारा मच्छीमार पहिला आकडा पुढे करणार आणि तिजोरी राखणारा दुसरा. राष्ट्रीय सरासरीनेही काम भागत नाही. केंद्रीय संस्थेने २०२२ मध्ये देशातील १३५ मत्स्यसाठ्यांचे मूल्यमापन करून त्यातील ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचे सांगितले. देशाच्या पातळीवर ते दिलासादायक आहे. पण त्यावरून सातपाटीच्या पापलेटचे किंवा उत्तनच्या बोंबलाचे काय झाले, ते कळत नाही.

शेतीची पैसेवारी नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांत, गावनिहाय जाहीर होते. ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईची चर्चा सुरू होते. या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत, तिच्यावर टीकाही भरपूर झाली आणि केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओल, पिकांची उपग्रहीय स्थिती हे शास्त्रीय निकष पुढे आणले. तरी तिचा एक गुण निर्विवाद आहे: नुकसानीची चर्चा तिच्यामुळे विनवणीवर न थांबता नोंदीवर येते. समुद्रासाठी असेच बंदरनिहाय माप ठरू शकते. दहा-पंधरा वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत आवक किती, इशाऱ्यांमुळे बुडालेले दिवस किती, हंगामातील पाण्याचे तापमान किती चढले आणि जाळ्यात आलेल्या मासळीत पिल्लांचे प्रमाण किती, हे चार निकष पुरेसे आहेत. जाळ्याच्या प्रकारानुसार ते वेगळे मांडले की डोल जाळे आणि पर्ससीन एकाच तराजूत तोलले जाणार नाहीत.

अशा मापाचा दुसरा उपयोग मच्छीमारांना कदाचित रुचणार नाही. पण तो टाळता येणार नाही. ज्या नोंदीवर भरपाई मिळेल, त्याच नोंदीवर बंधनही येईल. पिल्लांचे प्रमाण वाढलेले दिसले तर हंगाम पुढे ढकलावा लागेल. पाणी तापलेल्या वर्षी पकड आवरावी लागेल. हक्क आणि संयम यांची ही सांगड घातली गेली, तरच 'मत्स्यदुष्काळ' या शब्दाला घोषणेपलीकडे अर्थ येईल. मच्छीमार संघटना ही मागणी गेली काही वर्षे करीत आहेत. तिच्या पाठीशी आकडे उभे करण्याचे काम शासनाचे आहे.

'एल निनो' कधी येणार, डायपोल कोणत्या दिशेला झुकणार, हे आता काही महिने आधी सांगता येते. तो अंदाज शेतकऱ्याच्या पेरणीसाठी वापरला जातो, धरणातील पाणी राखण्यासाठी वापरला जातो. जाळे विणणाऱ्यासाठी तो अजून वापरात नाही. मत्स्यव्यवसाय शेती ठरला असेल, तर शेतीची पहिली शिस्त त्यालाही लागू व्हायला हवी: हंगामापूर्वी आभाळ पाहायचे आणि हंगामानंतर पीक मोजायचे. ते झाले नाही तर पुढील वादळानंतरही मदत उशिरानेच पोहोचेल, अंदाजानेच वाटली जाईल आणि मानपाड्याच्या बाजारात लहान पापलेटची जोडी मोठ्या पापलेटच्या भावाने विकली जात राहील.